'पायरेट्स ऑफ पेन्झान्स': बागेतला प्रयोग की पडद्यावरचा?

गिल्बर्ट (शब्द) आणि सलिव्हन (संगीत) या इंग्रज जोडीची ही विनोदी संगीतिका घरी बसून बघायची, तर दोन पर्याय हमखास पुढे येतात आणि दोन्हींत माणसं जवळपास तीच. १९८० मध्ये जोसेफ पॅपने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातल्या उघड्या डेलाकोर्ट रंगमंचावर केलेल्या प्रयोगाचं चित्रीकरण हा एक. त्याच प्रयोगाचा दिग्दर्शक विल्फर्ड लीच याने १९८३ मध्ये आणलेला चित्रपट हा दुसरा. केव्हिन क्लाइन, लिंडा रॉनस्टाड, रेक्स स्मिथ, जॉर्ज रोझ दोन्हीकडे आहेत. बदलते ती रूथ, म्हणजे नायक फ्रेडरिकची दाई: बागेत पॅट्रिशिया रूटलेज, पडद्यावर अँजेला लॅन्सबरी.

चित्रपट देखणा आहे, यात वाद नाही. मुद्दाम खोटं दिसणारं नेपथ्य मला आवडलं. शेवटची पळापळ तर थेट याच जोडीच्या 'पिनाफोर' या दुसऱ्या संगीतिकेच्या चालू प्रयोगात घुसते. चित्रपट पडला म्हणून वाईट समजू नका. युनिव्हर्सलने तो चित्रपटगृहांत आणि पैसे भरून बघायच्या टीव्हीवर एकदमच आणला, थिएटरवाल्यांनी बहिष्कार घातला, आणि खेळ तिथेच आटोपला.

माझं अडलं ते मेजर-जनरलच्या गाण्यापाशी. या गाण्याची सगळी मजा धास्तीत आहे. इतके शब्द, इतक्या वेगात; हा आता अडखळणार, असं वाटत राहतं आणि तो अडखळत नाही. चित्रपटात गाणं आधीच मुद्रित झालेलं, रोझ त्यावर फक्त ओठ हलवतो. मग धास्ती कसली? बागेत तोच माणूस तेच शब्द लोकांसमोर म्हणतो, तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो. चित्रपट बघताना त्याच गाण्याला उठून चहा टाकला.

हशाचंही तसंच. फ्रेडरिकला 'पायलट'कडे (जहाजाचा वाटाड्या) शिकायला ठेवायचं, तर रूथला 'पायरेट' (चाचा) ऐकू आलं, इथून या गोष्टीचा सगळा घोळ. पुढे 'ऑर्फन' (अनाथ) आणि 'ऑफन' (वारंवार) यांचा गोंधळ इतका ताणलाय की दहाव्या वेळी हसू येतं ते शेजारचा हसतो म्हणून. स्टुडिओत शेजारचा नाही. नट ओळ टाकतो, क्षणभर थांबतो, आणि समोर शांतता. नाटकवेड्यांना या शांततेबद्दल वेगळं सांगायला नको.

आता बागेच्या चित्रीकरणाची रडगाणीही आहेत. चित्र धूसर, आवाज कधी विहिरीतून आल्यासारखा. आमच्याकडे रिमोट हातातून सुटला नाही. बरोबर लहान मुलं असतील किंवा लॅन्सबरीवर जीव असेल, तर चित्रपट घ्यावा, हे मी मोकळेपणाने म्हणेन. तिची रूथ जास्त लबाड आहे. रूटलेजची मला जास्त बिचारी वाटली, पण हा आवडीचा प्रश्न.

शिवाय ही संगीतिका पहिल्यांदा रीतसर रंगली तीही न्यूयॉर्कमध्येच, ३१ डिसेंबर १८७९ ला. 'पिनाफोर'चे विनापरवाना प्रयोग अमेरिकेत बोकाळले होते, म्हणून हक्क राखायला गिल्बर्ट आणि सलिव्हन स्वतः तिथे गेले. चाचेगिरीला कंटाळून चाच्यांचं नाटक! बागेतला प्रयोग बघताना हे सारखं आठवत होतं.

दोन्ही डीव्हीडी माझ्याकडे होत्या. चित्रपटाची भाचीने नेली, त्याला दोन वर्षं झाली. अजून परत मागितलेली नाही.