बूट होताना आयपी कोणी मागावा: डीएचक्लायंट की डीएचसीपीसीडी?

मशीन सुरू झाल्यावर राउटरकडून त्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मागून घेणारे हे दोन प्रोग्राम. घरच्या छोट्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर मी दोन्ही वापरलेत. डीएचक्लायंट बरीच वर्षं, डीएचसीपीसीडी गेलं दीड वर्ष. तुमचा राउटर कधीच बंद पडत नसेल, तर दोघांतला फरक बहुधा जाणवणारही नाही.

आमच्याकडे मात्र वीज जाते. परत आली की सर्व्हर आणि राउटर एकदमच सुरू होतात. सर्व्हर अर्ध्या मिनिटात तयार, राउटरला दोन-अडीच मिनिटं लागतात. डीएचक्लायंट मूळ सेटिंगनुसार ६० सेकंद विचारणा करतो, उत्तर आलं नाही की गप्प बसतो आणि पुन्हा ५ मिनिटांनी उठतो. तोवर राउटर कधीच चालू झालेला असतो. मधे केबल काढून लावली तरी त्याला जाग येत नाही. रात्रीचा बॅकअप असा कितीदा हुकला! टाइमआउट (विचारणा करत राहायची मुदत) वाढवून पाहिला, तर बूटच तेवढा वेळ अडून राहिलं. रीट्राय (पुन्हा विचारण्याआधीचा थांबा) १० सेकंदांवर आणल्यावर बरंच सुधारलं, हेही सांगायला हवं. पण इतक्या साध्या गोष्टीसाठी आपण फाइल उघडून बसावं, हे मला पटेना.

डीएचसीपीसीडी केबलमध्ये जीव आला की स्वतःहून नव्याने मागणी करतो. आयपीव्ही६ही (आयपीची नवी आवृत्ती) त्याच प्रोसेसमध्ये सांभाळतो. डीएचक्लायंटला त्यासाठी वेगळी प्रोसेस लागते. मात्र डीएचसीपीसीडीला एकाच इंटरफेसचं (नेटवर्क जोडणीचं) नाव देऊन चालवू नका, तसं केलं तर टाइमआउटनंतर तो बंद होतो. मी डेबियनच्या नेटवर्क सेटिंगच्या इंटरफेसेस फाइलमधली त्या जोडणीची ओळ काढून टाकली आणि त्याचीच सर्व्हिस चालू केली.

खटकणाऱ्या गोष्टी त्याच्यातही आहेत. मिळालेला पत्ता दुसरं कोणी वापरत नाही ना, हे तपासण्यात काही सेकंद जातात. ते बंद करता येतं, मी केलेलं नाही. डॉकर (ॲप्स वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) असेल तर त्याच्या आभासी इंटरफेसमध्येही तो हात घालतो, ते कॉन्फिगमध्ये वगळावे लागतात. राउटरवर मॅक पत्त्यावरून (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) आयपी राखून ठेवला असेल आणि तो मिळत नसेल, तर कॉन्फिगमध्ये ड्युइडऐवजी (मशीनची वेगळी बनवलेली ओळख) क्लायंटआयडी (मॅक पत्त्यावरची ओळख) चालू करून बघा. माझं त्यानेच जमलं.

डीएचक्लायंटची सवय असेल आणि मशीन यूपीएसवर असेल, तर घाईने बदलायची गरज नाही. मात्र तो बनवणाऱ्या आयएससी या संस्थेने त्याची देखभाल २०२२ मध्येच थांबवली आहे. नवीन मशीन लावत असाल, तर मी डीएचसीपीसीडीच टाकेन.