मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा: क्लिप की कॉइल?

‘कवटी उघडू नका, तारेनेच करा,’ असं नातेवाईक कळवळून म्हणतात. भीती समजण्यासारखी आहे, पण टाके किती पडतील यावर हा निर्णय घेऊ नये.

क्लिपिंगमध्ये कवटीचा तुकडा काढून, सूक्ष्मदर्शकाखाली फुग्याच्या मानेवर, म्हणजे तो रक्तवाहिनीला जोडलेला असतो तिथे, बारीक चिमटा बसवतात. कॉइलिंगमध्ये जांघेतून किंवा मनगटातून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, मेंदूपर्यंत नेतात आणि प्लॅटिनमच्या मऊ तारेची वेटोळी फुग्यात भरतात. आत रक्त गोठतं, फुगा बंद होतो.

फुगा फुटलेला असेल आणि दोन्ही उपाय शक्य असतील, तर मी कॉइलकडे झुकेन. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, २१४३ रुग्णांच्या चाचणीत वर्षभरानंतर मृत्यू किंवा परावलंबित्व कॉइलच्या गटात सुमारे २४ टक्के, क्लिपच्या गटात सुमारे ३१ टक्के होतं. मात्र त्यातले बहुतेक रुग्ण बऱ्या अवस्थेतले होते आणि त्यांचे फुगे लहान होते. शिवाय, उपचार केलेला फुगा पुन्हा भरण्याचं आणि दुसऱ्यांदा उपचार लागण्याचं प्रमाण कॉइलमध्ये जास्त असतं. म्हणून पुढची काही वर्षं ठरावीक अंतराने अँजिओग्राफी करावी लागते. ती चुकवणार असाल तर कॉइलचा फायदा अर्धवट राहतो. नीट बसलेली क्लिप सहसा टिकते, त्यामुळे तरुण रुग्णासाठी तिचं पारडं जड होऊ शकतं.

जागाही महत्त्वाची. मेंदूच्या बाजूच्या मधल्या धमनीवरचे फुगे बऱ्याचदा क्लिपला सोयीचे पडतात. मेंदूच्या तळाशी, बॅसिलर धमनीच्या टोकावरचे कॉइलला. मोठी गुठळी मेंदू दाबत असेल तर शस्त्रक्रियेत तीही काढता येते. रुंद मानेच्या फुग्याला कॉइलसोबत स्टेंट लागू शकतो. मग रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या आल्या, आणि नुकत्याच फुटलेल्या फुग्यात तीच मोठी अडचण.



न फुटलेला लहान फुगा योगायोगाने सापडला असेल, तर घाई करू नका. रक्तदाब आटोक्यात ठेवणं, धूम्रपान सोडणं आणि स्कॅनने लक्ष ठेवणं हाही रीतसर पर्याय आहे. दोन्ही उपचार करणारे डॉक्टर जिथे एकत्र बसून चित्रं पाहतात, तिथे विचारा: ‘या फुग्यावर काहीच केलं नाही तर धोका किती?’