ऑटोमॅटिकचं तेल: कंपनीचं, मल्टी की दुकानदार देईल ते?

सेकंड हँड ऑटोमॅटिक घेतली की गिअरबॉक्सचं तेल कुठलं टाकू हा प्रश्न येतोच, आणि उत्तरंही ठरलेली, शोरूमवाला म्हणतो आमचंच घ्या, कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो लाल आहे ना, मग सगळं एकच. रंगाचं तर सोडूनच द्या, लाल हा नुसता डाय असतो, झेडएफ या जर्मन गिअरबॉक्स कंपनीच्या ८ गिअरवाल्या बॉक्सचं लाइफगार्ड ८ हे तेल चक्क हिरवं येतं. ब्रँडवर भांडायच्या आधी स्पेक (कंपनीने ठरवून दिलेला तेलाचा प्रकार) शोधा, ओनर्स मॅन्युअलच्या शेवटी शेवटी दिलेला असतो, काही गाड्यांत डिपस्टिकवरच कोरलेला असतो.

होंडा सिटीचंच बघा ना. जुनी झेडएक्स सीव्हीटी (ठराविक गिअरऐवजी बेल्ट आणि पुलीवर चालणारा बॉक्स) असेल तर होंडाचं एचएमएमएफ तेल लागतं. त्यानंतर २००८ ला आलेल्या मॉडेलला ५ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून पुढे देणारा नेहमीचा ऑटोमॅटिक), त्याला आधी झेड-१ आणि आता त्याच्या जागी डीडब्ल्यू-१. २०१४ पासून परत सीव्हीटी, पण आता एचसीएफ-२, आणि हे एचएमएमएफच्या जागी चालत नाही. नाव एकच सिटी, तेलं तीन वेगळी, म्हणजे दुकानात जाऊन "सिटी ऑटोमॅटिकचं द्या" म्हणालात तर काय हातात पडेल ते नशीब.

आता सगळ्यात स्वस्त पर्याय, डेक्सरॉन ३ टाइपचं तेल, डेक्सरॉन म्हणजे जीएमचा (जनरल मोटर्सचा) ऑटोमॅटिकच्या तेलाचा स्पेक. नाना पेठेत काय किंवा गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात काय, हे कुठेही मिळतं कारण बऱ्याच गाड्यांच्या पॉवर स्टेअरिंगमध्ये हेच जातं, आणि म्हणूनच मेकॅनिकचा हात आधी याच डब्याकडे जातो. पण जीएमने याचं लायसन्स देणं २००६ लाच बंद केलं, आज डब्यावर छापलंय ते कोणी तपासलेलं नसतं. शिवाय ते जाड आहे, १०० अंशांना साधारण ७ सेंटीस्टोक (तेलाचा जाडपणा मोजायचं एकक) किंवा जास्तच, डेक्सरॉन ६ ला ६.४ ची कमाल मर्यादा आहे आणि टोयोटाचं डब्ल्यूएस तर साडेपाचच्या आसपास. पातळ तेलासाठी बनवलेल्या बॉक्समध्ये जाड ओतलं की गिअर पडायचं टायमिंग बिघडतं, थंडीत सकाळी झटके जाणवतात. उलट बाजूने मात्र जीएमच्या बॉक्सला सूट आहे, डेक्सरॉन ३ लागत असेल तिथे ६ बिनधास्त टाका.

खरा गोंधळ कंपनीचं की मल्टी व्हेइकल (अनेक गाड्यांना चालतं म्हणून विकलं जाणारं तेल) इथे आहे. माझं मत, वॉरंटी चालू असेल तर कंपनीचंच, चर्चा नको. वॉरंटी संपली आणि बॉक्स टॉर्क कन्व्हर्टरचा असेल, म्हणजे ह्युंदाईचा एसपी-४ किंवा टोयोटाचा डब्ल्यूएस, तर चांगल्या ब्रँडचं लो व्हिस्कॉसिटी, म्हणजे पातळ, मल्टी चालून जातं आणि पैसेही वाचतात. फक्त डब्याची मागची बाजू नीट वाचा. "लायसन्स्ड" आणि "सूटेबल फॉर" यात फरक आहे, खऱ्या डेक्सरॉन ६ वर इंग्रजी J ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो, "सूटेबल फॉर" म्हणजे नुसतं तेल बनवणाऱ्याचं स्वतःचं म्हणणं. आणि एकाच डब्यावर टोयोटाचंच जुनं टी-४ पण आणि डब्ल्यूएस पण लिहिलं असेल तर मी तो परत ठेवीन, एक जाड एक पातळ, टोयोटा स्वतः एकाच्या जागी दुसरं टाकू देत नाही आणि हा डबा दोन्ही सांभाळणार म्हणे.

सीव्हीटीत घासाघीस नको. तिथे स्टीलचा बेल्ट दोन पुलींच्या मध्ये दाबून धरलेला असतो, तेलाने वंगणही द्यायचं आणि बेल्ट सरकूही द्यायचा नाही, साधं एटीएफ (टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकचं तेल) पडलं की बेल्ट स्लिप होतो, पुलीवर चरे पडतात आणि मग अख्खा बॉक्सच खोलावा लागतो. होंडाला एचसीएफ-२, निसानला एनएस-३ असेल तर एनएस-३, थोडे जास्त गेले तरी कंपनीचंच घ्या. एएमटीवाल्यांना (क्लच आणि गिअर आपोआप पडणारा मॅन्युअल) मात्र हा प्रश्नच नाही, आत मॅन्युअलचाच गिअरबॉक्स आणि मॅन्युअलचंच गिअर ऑइल, ॲक्चुएटरचं (क्लच-गिअर हलवणाऱ्या भागाचं) हायड्रॉलिक तेल तेवढं वेगळं. डीसीटी (दोन क्लचवाला बॉक्स) असेल तर क्लच ड्राय (कोरडा) की वेट (तेलात बुडालेला) ते आधी विचारून घ्या, तेलं वेगळी असतात.

"लाइफटाइम फिल, बदलायची गरज नाही" असं कोणी सांगितलं तर झेडएफ स्वतः आपल्या बॉक्सचं तेल ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षांत बदला म्हणते एवढं लक्षात ठेवा. विकत घेताना किती लागेल याचाही अंदाज चुकतो, नुसतं ड्रेन केलं तर निम्म्याच्या आसपासच बाहेर येतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्येच राहतं, त्यामुळे आधी कुठलं होतं माहीत नसेल तर काही दिवसांच्या अंतराने दोनदा ड्रेन करा आणि डबे त्या हिशेबाने घ्या. आणि डिपस्टिक नसलेल्या बॉक्समध्ये लेव्हल तापमान बघून लावतात, टोयोटात साधारण ४० अंशांच्या थोडं वर, तेव्हा मेकॅनिककडे स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून तेलाचं तापमान दाखवणारं यंत्र) आहे का हे तेल घ्यायच्या आधी विचारा, नसेल तर दुसरा गाठा.