शांघाय आयएफसी: नऊ महिने रोज ये-जा केल्यावर

शांघाय आयएफसी म्हणजे इंटरनॅशनल फायनान्स सेंटर. शहराच्या लुजियाझुई या व्यापारी भागातल्या या जोडमनोऱ्यांत मी मार्चपासून रोज जातेय. ऑफिस उत्तरेकडच्या मनोऱ्यात. तो सुमारे 260 मीटर, दक्षिणेकडचा 250. पहिल्याच आठवड्यात घरी फोटो पाठवले, तर भाऊ म्हणाला, "हे क्वालालंपूरला पाहिलेत की!" अगदीच चुकला नव्हता तो, तिथले पेट्रोनास मनोरे आणि हे, दोन्हींचे वास्तुरचनाकार सीझर पेलीच. पण जवळच 632 मीटरचा शांघाय टॉवर असल्यावर यांच्या उंचीचं कौतुक किती करायचं? मला हे संकुल आवडायला लागलं ते जमिनीखाली.

मेट्रोच्या 2 नंबर लाइनवरून उतरायचं, सरकत्या जिन्याने मॉलच्या तळघरात यायचं आणि तिथूनच ऑफिसची लिफ्ट गाठायची. रस्ता म्हणून लागत नाही. जूनच्या मध्याला इथे मेइयू लागतो, म्हणजे प्लम पिकायच्या दिवसांतली झड. आपल्या आषाढासारखीच, फक्त जास्त चिकट. त्या सगळ्या झडीत ऑफिसला जाताना माझी छत्री पिशवीतून क्वचितच बाहेर आली.

हे मला इतकं मोठं का वाटतं, ते लोअर परळला नोकरी केलेल्यांना कळेल. मी सात वर्षं केली. तिथेही गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे आले, लिफ्ट आल्या, एसी आले. स्टेशनातून बाहेर पडायची वाट तेवढी जुनीच राहिली. 29 सप्टेंबर 2017ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर माणसं चेंगरून गेली, त्या सकाळी मीही पावसात तिकडेच निघाले होते. मुंबईचं शांघाय करायची भाषा आम्ही कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. त्यात मनोरे असायचे, ही वाट कधीच नसायची.

रस्त्याच्या पातळीवर मात्र लुजियाझुई पायी चालणाऱ्याचं नाही. रस्ते अवाढव्य रुंद, पलीकडची इमारत हाताशी दिसते आणि पोचायला दहा मिनिटं जातात. चौकावरचा गोल पादचारी पूल नसता तर फारच हाल झाले असते. संध्याकाळी त्यावर उभं राहून ओरिएंटल पर्ल टॉवरचे दिवे लागताना जरूर बघा.

मॉलमध्ये खालचे मजले युरोपातल्या महागड्या ब्रँडचे. मी तिथून काही घेतलेलं नाही. माझा संबंध तळघराशी, सुपरमार्केटशी आणि जेवणाशी. शाकाहारींसाठी सांगते: "वो छृ सू" म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढं पाठ करा. पण तेवढ्यावर थांबू नका. बाहेरच्या गल्लीतल्या एका खानावळीत मला पालेभाजी म्हणून जे वाढलं ते हाडांच्या रश्श्यात शिजवलेलं होतं. मी दोन आठवडे ते आवडीने खाल्लं आणि कळल्यावर रडले. तेव्हापासून रश्श्याचं वेगळं विचारते. बौद्ध परंपरेच्या उपाहारगृहांत कांदा-लसूणही नसतो. आईला आणलं तर तिथेच नेईन.

दुपारी बारा ते एक लिफ्टकडे फिरकू नये. एकनंतर ऑफिसात दिवे मंद होतात आणि सहकारी टेबलावर उशी टाकून चक्क झोपतात. आधी मला संकोच वाटायचा. आता माझीही उशी आहे.

एका मनोऱ्याच्या वरच्या 18 मजल्यांवर रिट्झ-कार्लटन हॉटेल आहे. पाहुणे आले म्हणून एकदाच गेले. गच्चीवरून नदी आणि पलीकडचा 'बंड' दिसतो, म्हणजे जुन्या इमारतींचा नदीकाठ. सोबतच्या वयस्कर सहकारी बाईंनी तिथे जुनी म्हण सांगितली: पुडोंगात (नदीच्या या, पूर्वेच्या काठाला) अख्खी खोली मिळण्यापेक्षा पुशीत (पलीकडे, पश्चिमेला) एक खाट बरी. 1990मध्ये पुडोंगच्या विकासाची घोषणा झाली तेव्हा त्या तरुण होत्या. नदीच्या या काठाला शेतं, गोदामं आणि गोद्या होत्या, आणि त्यांचं माहेर त्यांतच कुठेतरी. त्यांनी खाली बोट दाखवून जागा शोधायचा प्रयत्न केला, पण सापडली नाही.

घरी जाताना घाई नसेल तर मी मेट्रो सोडून तोंगचांग रोडच्या धक्क्यावर जाते. दोन युआनला फेरीबोट पलीकडे सोडते. सायकली, स्कूटर, भाजीच्या पिशव्या घेतलेली माणसं असतात, आणि मागे वळलं की दोन्ही मनोरे एकदम दिसतात.