सॅन फ्रान्सिस्कोतली वेमो : घरची गाडी विकावी का?

सॅन फ्रान्सिस्कोत जून 2024 पासून वेमोची विनाचालक टॅक्सी कुणालाही मागवता येते. तिच्या जॅग्वार आय-पेस गाडीवर 29 कॅमेरे, 5 लायडार (लेझरने अंतर मोजणारी यंत्रं), 6 रडार बसवलेले आहेत. टपावरच्या घुमटावर तुमची आद्याक्षरं दिसली की अ‍ॅपमधून दार उघडायचं, पट्टा लावायचा आणि प्रवास सुरू करायचं बटण दाबायचं. माणसं चारच, चालकाची जागा रिकामी ठेवावी लागते. उतरताना दार नीट ओढून घ्या. ते अर्धवट राहिलं तर गाडी जागची हलत नाही, लावायला आत कुणीच नसतं ना!

चालवणं संयत, पादचाऱ्यांना वाट देणारं. इथे तिला पूर्ण गुण. खरी कमजोरी डिसेंबर 2025 मध्ये शहराच्या मोठ्या भागाची वीज गेली तेव्हा दिसली. सिग्नल बंद पडले, काही चौकांत गाड्या पुढे जाण्याआधी कंपनीच्या दूर बसलेल्या मदतनीसांकडून खात्री करून घेऊ लागल्या, विनंत्या तुंबल्या आणि कित्येक गाड्या रस्त्यातच अडकल्या.

घरातली दुसरी गाडी बेलाशक विका. पार्किंग, विमा, दुरुस्ती वाचेल. पहिली मात्र ठेवा. सेवाक्षेत्राबाहेर ही टॅक्सी जात नाही आणि तान्ह्या मुलाची सीट दर वेळी आपणच आणून बसवावी लागते.