बेसिनचा नळ बदलायचाय? पिलर कॉक, मिक्सर की पीटीएमटी

गणेश चवथीच्या आधी घरात रंगकाम निघतं आणि त्यातच बेसिनचा गळका नळ बदलायचं ठरतं. हार्डवेअरवाल्याकडे गेलं की समोर तीन प्रकार येतात, पितळी पिलर कॉक म्हणजे बेसिनवर उभा राहणारा साधा नळ, सिंगल लिव्हर मिक्सर आणि पांढरा पीटीएमटी म्हणजे प्लास्टिकचा. आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरात तिन्ही मीच बसवलेत, म्हणून सांगतो, चकाकी नंतर बघा, आधी टाकी किती उंचावर आहे आणि पाणी कुठलं आहे ते बघा.

मिक्सर सगळ्यांना आवडतो, गिझर असेल तर एकाच दांड्याने गरम-गार जमतं, सोय आहेच. पण त्याच्या आतल्या कार्ट्रिजची, म्हणजे दांड्याखाली पाणी मिसळणाऱ्या भागाची, वाट अरुंद आणि तोंडाला जाळी म्हणजे एरेटर, त्यामुळे प्रेशर लागतं. हिशोब सोपा आहे, टाकीतलं पाणी नळापेक्षा जितके मीटर वर तितके गुणिले ०.१ बार, बार म्हणजे दाबाचं माप. एकमजली घर, वर स्लॅबवर टाकी, म्हणजे बेसिनपर्यंत फार तर ३ मीटर, ०.३ बार, आणि बऱ्याच मिक्सरच्या खोक्यातल्या कागदावर किमान ०.५ नाहीतर १ बार लिहिलेलं असतं. मग बारीकशी धार येते आणि आपण नळाला नावं ठेवतो. बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर फ्लॅट असेल, नाहीतर प्रेशर पंप असेल, तर खुशाल घ्या. अजून एक, मिक्सरला भिंतीत गरम आणि गार असे दोन पॉइंट लागतात, एकच असेल तर टाइल्स फोडाव्या लागतात आणि तो खर्च नळापेक्षा जास्त जातो.

पिलर कॉकला एक भोक, एक अँगल कॉक म्हणजे बेसिनखाली भिंतीतला पाणी बंद करायचा छोटा कॉक, एक कनेक्शन पाइप, बस्स. माझं मत विचाराल तर गोव्यातल्या बहुतेक घरांना हाच बरा. त्यातही दोन जाती आहेत. जुन्या पद्धतीचा, पाच-सहा वेळा फिरवायचा, त्यात रबरी वायसर असतो, गळायला लागला की गावच्या दुकानात वायसर मिळतो आणि दहा मिनिटांत काम होतं. पाव फेऱ्याचा सिरॅमिक डिस्कवाला हाताला हलका, म्हाताऱ्या माणसांना चांगला, पण पाण्यातून रेती आली की डिस्कला चरे पडतात आणि मग आतला अख्खा स्पिंडल बदलावा लागतो. ओपा किंवा साळावलीच्या सरकारी योजनेचं नळाचं पाणी असेल तर डिस्कवाला घ्या, बांयचं म्हणजे विहिरीचं पाणी थेट टाकीत चढवत असाल तर वायसरवाला. आमच्याकडे एका जूनमध्ये एरेटर उघडला तर जाळीवर लाल चिखलाचा थर, चहाच्या गाळणीसारखा, चिऱ्याच्या म्हणजे जांभ्याच्या जमिनीतलं लोखंड पाण्यात येतं ते असं दिसतं.

पीटीएमटी लोकांना हलका वाटतो, पण समुद्राजवळ, कोलवा-मिरामारच्या बाजूला खाऱ्या वाऱ्याने क्रोमला ठिपके पडतात, बुडाशी हिरवं धरतं, तिथे हा गंजतच नाही. बाहेरच्या बेसिनला हाच लावा. फक्त पान्याने जोर लावलात तर आटे जातात, आणि गिझरच्या लाइनवर मी तो लावणार नाही.

बसवायला पिलर कॉक स्वतः जमतो. अँगल कॉक बंद करा, पण जाम झालेला असेल तर जोर लावू नका, तो भिंतीच्या आत तुटतो, मग मेन व्हॉल्व बंद करून प्लंबर बोलवा. जुना नळ काढताना खरी कसोटी नळाला खालून धरणाऱ्या बॅक नटाची, भिंत आणि बेसिनच्या मध्ये हात जेमतेम जातो, साधा पाना फिरत नाही, तिथे बॉक्स पाना लागतो. कनेक्शन पाइपच्या टोकाला आत रबर असतो म्हणून तिथे टेफलॉन टेप नको, हाताने घट्ट आणि मग पान्याने पाव फेरा, जास्त आवळलं तर रबर कापतो. टेप लागते ती भिंतीतल्या आट्यांवर. आणि जुना पाइप परत वापरू नका, स्टीलची जाळी गंजलेला पाइप रात्री फुटला की घरभर पाणी.

झाल्यावर जोडाखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद रात्रभर ठेवा, हाताला न लागणारी ओल कागदावर लगेच दिसते.