क्रीटमधल्या ग्रॅव्हल सफरीत झालेली फसवणूक, आणि ती वेळीच कुठे पकडता येते

पुण्याहून ग्रीसच्या क्रीट बेटावर गेलेल्या चौघांच्या गटाला 'सात दिवसांची ग्रॅव्हल सफर', म्हणजे खडीच्या कच्च्या वाटांवरची सायकल सफर, विकली गेली. ठरलं होतं ते असं: ग्रॅव्हल बाइक, सोबत वाटाड्या, मुक्कामाची सोय आणि सामानासाठी गाडी. प्रत्यक्षात मिळाल्या शहरात चालवायच्या हायब्रिड सायकली आणि फोनवर पाठवलेली एक जीपीएक्स फाइल, म्हणजे नकाशावरच्या मार्गाची रेघ. शेवटच्या दिवशी डिपॉझिटही कापलं गेलं. निम्मी रक्कम आधीच बँकेतून थेट पाठवलेली असल्यामुळे ती सोडवून घ्यायला काही धागाच उरला नव्हता. असे विक्रेते नाव आणि पान बदलून पुन्हा येतात, म्हणून इथे पद्धतच उलगडून सांगतो आहोत.

आधी जागा समजून घ्या, कारण फसवणूक जागेच्या अज्ञानावरच उभी असते. क्रीटच्या पश्चिमेला लेफ्का ओरी, म्हणजे पांढरे डोंगर. सर्वोच्च शिखर पाखनेस, २४५३ मीटर. सगळा चुनखडक. सह्याद्रीतल्या मुरुमाच्या आणि जांभ्याच्या वाटांची सवय असलेल्यांना इथे दोन गोष्टी चकवतात. एक, खडीच्या कडा धारदार असतात आणि टायरची बाजूची भिंत चिरतात. दोन, पाऊस आणि वितळलेला बर्फ खडकात जिरून जातो, त्यामुळे वरच्या भागात झरा-टाकं मिळेल या भरवशावर निघता येत नाही. दक्षिण किनाऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. आयिया रुमेली आणि लुत्रो या गावांना बाहेरून रस्ताच नाही. तिथे बोटीने किंवा पायी जायचं. सुयापासून खोरा स्फाकियोनपर्यंत किनाऱ्याने सलग सायकल चालवता येते असं कुणी सांगितलं, तर त्याने तो भाग पाहिलेला नाही, किंवा तो सरळ खोटं बोलतो आहे.

या गटाच्या फाइलमध्ये नेमकं हेच होतं. दुसऱ्या दिवसाची रेघ ओमालोसच्या पठारावरून सामारिया घळीत उतरत होती, आयिया रुमेलीहून ई-४ या पायवाटेने किनाऱ्यालगत लुत्रोला आणि तिथून खोरा स्फाकियोनला जात होती. सामारिया १९६२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. घळीची वाट साधारण १६ किलोमीटरची, फक्त पायी जाणाऱ्यांसाठी, आणि तीही साधारण मे ते ऑक्टोबर एवढीच खुली. सुमारे १२३० मीटर उंचीवरच्या क्सिलोस्कालोच्या फाटकावरून चौघांना परत फिरावं लागलं. मग डांबरी रस्त्याने सुयाला उतरून बोट पकडणं एवढाच मार्ग होता. त्या दिवशीची बोट हुकली आणि पुढच्या मुक्कामाचे पैसे बुडाले. वारा वाढला की या किनाऱ्यावरच्या बोटी बंदही ठेवतात, हेही विक्रेत्याने सांगितलेलं नव्हतं.

अशी फाइल घरबसल्या पकडता येते. ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. खरोखर चालवून नोंदवलेल्या मार्गात सहसा प्रत्येक बिंदूपुढे तारीख आणि वेळ असते. वेळ नसेल तर ती रेघ बहुधा संगणकावर बसून ओढलेली आहे. ओढलेली रेघ वाईटच असते असं नाही, पण 'आमचे वाटाडे दर आठवड्याला इथून जातात' या दाव्याशी ती जुळत नाही. पुढे तीच रेघ ओपनस्ट्रीटमॅप या मोफत ऑनलाइन नकाशावर ठेवून प्रत्येक तुकड्याचा प्रकार पाहा. 'ट्रॅक' म्हणजे गाडीवाट. तिचा दर्जा १ ते ५ असा दिलेला असतो आणि ४-५ म्हणजे सैल, खडबडीत. 'पाथ' आणि त्यासोबत 'सॅक स्केल', म्हणजे पायवाटेच्या अवघडपणाची श्रेणी, दिसली, तर ती गिर्यारोहकांची पायवाट. उपग्रह चित्रातही फरक कळतो: गाडीवाट फिकट, रुंद पट्ट्यासारखी दिसते, तर कालदेरिमी, म्हणजे खेचरांसाठी बांधलेली जुनी दगडी वाट, बारीक नागमोडी असते. चढाईच्या आलेखावर घळींच्या आसपास विसंबू नका. उंचीची आकडेवारी जमिनीच्या मोठ्या चौकोनांवरून काढलेली असते, त्यामुळे कड्यालगतची रेघ उगाच शेकडो मीटर वरखाली होताना दिसते.

आता सायकल. इथे लबाडी सगळ्यात जास्त चालते आणि सगळ्यात कमी पाहिली जाते.

त्या हायब्रिडना ३५ मिलिमीटरचे ट्यूबवाले टायर होते. लेफ्का ओरीच्या खडीवर ट्यूबलेस, म्हणजे बिनट्यूबचे, ४५ ते ५० मिलिमीटरचे लागतात. ७५ किलोच्या माणसाने ४५ च्या टायरमध्ये साधारण २.२ ते २.५ बार हवा ठेवावी. ३५ च्या टायरमध्ये तेवढीच हवा ठेवली तर दगडावर आपटून ट्यूब चिमटते आणि पंक्चर होते. हवा वाढवली तर चाक सैल खडीवर घसरतं. दुकानदार 'ट्यूबलेस आहे' म्हणाला तरी आत सीलंट, म्हणजे छिद्र बुजवणारं द्रव, आहे का ते बघा. व्हॉल्व्ह खाली आणून त्यातली पिन काढा आणि बारीक प्लॅस्टिकची पट्टी आत बुडवा. कोरडी आली, तर सीलंट वाळून गेलेलं आहे. या मापाच्या टायरला ६० ते ९० मिलिलिटर हवं. आणि बाजूची भिंत चिरली तर सीलंट किंवा प्लग सहसा टिकत नाही. आतून लावायचा टायरचा तुकडा आणि एक ट्यूब जवळ ठेवाच.

गिअरचं गणित जाहिरातीत कधीच नसतं. गटाच्या सायकलींचा सगळ्यात हलका गिअर ३४ दात पुढे, २८ मागे, म्हणजे गुणोत्तर १.२१. माणूस, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो धरा. १२ टक्क्यांच्या कच्च्या चढावर मिनिटाला ६० फेऱ्यांनी पायडल मारायचं तर या गिअरमध्ये साधारण ३०० वॉट लागतात. ३० पुढे आणि ३६ मागे असेल, तर गुणोत्तर ०.८३ येतं आणि तेच काम सुमारे २०५ वॉटमध्ये होतं. रोज सायकल चालवणाऱ्या बहुतेकांना दुसरा आकडा बराच वेळ झेपतो, पहिला काही मिनिटंच. म्हणून बुकिंगच्या आधी लेखी विचारा: चेनरिंगचे (पुढच्या चकतीचे) दात किती, कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) कोणती, टायर किती रुंद आणि जास्तीत जास्त किती रुंद बसतो. ज्याच्याकडे खरी ग्रॅव्हल बाइक आहे तो लगेच उत्तर देतो.

डिपॉझिट कापलं गेलं ते मागच्या डिरेलरसाठी, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागासाठी, आणि ही युक्ती नीट समजून घ्या. डिरेलर ज्या लहानशा पत्र्याच्या तुकड्यावर लटकतो तो हँगर आधीच आत वाकलेला असतो. सपाटीवर काही जाणवत नाही. पहिल्या तीव्र चढावर सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन टाकली की डिरेलर थेट स्पोकमध्ये शिरतो. डिरेलर तुटतो, स्पोक तुटतात, कधी चेनही. बिल गिऱ्हाइकाच्या नावावर. ताब्यात घेताना सायकलच्या मागे बसून पाहा: डिरेलरची दोन्ही छोटी चाकं चेन मागे ज्या चकतीवर आहे तिच्या बरोबर खाली, उभ्या रेषेत हवीत. खालचं चाक स्पोककडे कललेलं असेल, तर ती सायकल घेऊ नका. मग मागचं चाक उचलून हळूच सगळ्यात मोठ्या चकतीवर गिअर टाका आणि कान द्या. टिकटिक आली तर डिरेलरचा पिंजरा स्पोकला लागतो आहे. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, म्हणून त्या सायकलचा सुटा हँगर दुकानाकडूनच मागून घ्या.

रिमच्या कडेवरून बोट फिरवा, जुने ठोकर लागलेले खड्डे हाताला लागतात. ब्रेक पॅडचा घासणारा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला असेल तर बदलून मागा. हे सगळं एका सलग व्हिडिओत घ्या: सुरुवात भाड्याच्या कराराच्या पानाने, मग क्रँकखालचा सीरियल नंबर, मग बाकीचं. परत करतानाही तसंच, दुकानातल्या माणसासमोर. सायकल ताब्यात घ्यायला संध्याकाळ करू नका, बदलून मागायला वेळ हातात हवा.

करारात एक वाक्य हमखास शोधा: डांबरी रस्त्याबाहेर चालवल्यास विमा लागू नाही. क्रीटमध्ये भाड्याच्या मोटारींच्या करारात हे कलम सर्रास असतं, आणि काही जण तेच सायकलच्या कागदावर उतरवतात. ग्रॅव्हल बाइक भाड्याने देऊन खडीवर विमा नाही म्हणणं हा उघड अप्रामाणिकपणा आहे. करार फक्त ग्रीकमध्ये असेल तर इंग्रजी प्रत मिळाल्याशिवाय सही करू नका.

पैशांबद्दल. ग्रीसमधल्या खात्याचा आयबान, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, 'जीआर' ने सुरू होतो आणि एकूण २७ अक्षरांचा असतो. व्यावसायिकाचा करक्रमांक नऊ आकडी. युरोपीय संघाच्या 'व्हीज' या तपासणीत तो 'ईएल' लावून टाकला की वैध आहे का ते कळतं. मुक्काम आणि वाटाड्या एकत्र विकणारा युरोपातला विक्रेता २०१५ च्या पॅकेज प्रवास निर्देशाखाली येतो. दिवाळखोरीत गिऱ्हाइकाचे पैसे सुरक्षित राहतील अशी हमी त्याला दाखवता आली पाहिजे. ती मागा. आगाऊ रक्कम क्रेडिट कार्डानेच भरा. डिपॉझिट डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर देऊ नका, कारण होल्ड म्हणून स्वतःचे खरे पैसे अडकतात. कार्डाच्या यंत्रावर रुपये की युरो असं विचारलं तर युरो निवडा.

फसवलं गेल्यावर ग्रीसमध्ये १५७१ वर पर्यटक पोलीस, जीव धोक्यात असेल तर ११२. भारतातून ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० वर त्याच दिवशी तक्रार. कार्डाने भरलेल्या रकमेसाठी बँकेकडे 'सांगितल्याप्रमाणे सेवा मिळाली नाही' या कारणाखाली वाद नोंदवा. मुदत बहुतेक वेळा १२० दिवसांची असते, पण वाट पाहू नका. सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, सायकलच्या टायरवरच्या मापाचा फोटो आणि दोन्ही व्हिडिओ जोडा. विक्रेता फोनवरच बोलत असेल, तर त्याचं म्हणणं त्याच दिवशी ईमेलने त्यालाच लिहून पाठवा.

खरी वाट हवी असेल तर ती आहे. खोरा स्फाकियोनहून वळणावळणाच्या डांबरी घाटाने आनोपोली, सुमारे ६०० मीटर. तिथून उत्तरेला कच्चा रस्ता रुसिएसपर्यंत जवळपास २००० मीटरवर चढतो. वाटेत पाणी नाही. माणशी चार-पाच लिटर घ्या. माथ्याकडे बर्फ मेपर्यंत राहू शकतो. हलका दिवस हवा असेल तर आस्किफूच्या पठारावरून नियातोसला जाणारी गाडीवाट पकडा आणि आल्या वाटेनेच परत या. शेळ्यांसाठी लावलेली तारेची फाटकं उघडलीत तशीच बंद करा.